वीस मिलिमीटर खाली

पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूचे वर्णन पंचनाम्यात असे होते: लोखंडी पाटा एक, लांबी साडेतीन फूट, रुंदी तीन इंच, वजन साडेसात किलो, मधोमध वाक. ट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात त्या बांधणीला कमान म्हणतात आणि तिच्यातल्या एका पट्टीला पाटा. गाडीला बसणारा हादरा पोटात घेणे हे पाट्याचे काम. हा पाटा माझ्या अंगावर तीनदा बसला.

स्थळ वर्धा नदीचा एक घाट, वेळ दुपारची. मी तिथे बातमीसाठी चोरून वाळू भरणाऱ्या टिप्परांचे फोटो काढत होतो. चौघे आले. त्यांनी मोबाईल मागितला, मी दिला. त्यानंतर मारण्याचे कारण उरले नव्हते, पण त्यांनी मारले. पहिला फटका बरगडीवर, दुसरा कमरेवर. तिसरा मी पडल्यावर पुन्हा कमरेवर, त्याच जागी. मारणारा घाईत नव्हता. त्याने पाटा दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले, आणि लाकूड फोडणारा माणूस नेम धरतो तसा धरला. त्यानंतरचे मला आठवत नाही.

रुग्णालयाच्या नोंदीत "अनोळखी इसमाने आणले" एवढेच होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी नंतर सांगितले की हाड मारानेच मोडले होते, पण मणका जागचा सरकला तो उचलताना. कोणीतरी पोत्यासारखे खांद्यावर टाकून आणले असावे. आडवे ठेवून, फळीवर आणले असते तर पायाची बधिरता टळली असती. माझ्या कमरेत दोन सळया आणि सहा स्क्रू बसले. डाव्या पायाची तीन बोटे अजून माझी वाटत नाहीत.

खटल्यात सरकार पक्षाचा एक साक्षीदार महत्त्वाचा होता. आंजी रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये ट्रकच्या कमानी दुरुस्त करणारा कारागीर. पाटा आपल्याच दुकानातला आहे आणि तो कोणाला दिला हे त्याने पोलिसांना सांगितले होते. साक्षीच्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला. उजवा हात बँडेजमध्ये होता. त्याने डाव्या हाताने शपथ घेतली आणि सांगितले की हा पाटा मी ओळखत नाही, सही कोऱ्या कागदावर घेतली. साक्षीदार फितूर घोषित झाला. चौघेही सुटले. निकालाची बातमी मीच लिहिली, अकरा ओळी. फिर्यादीचे नाव लिहिले नाही.

मला पुन्हा बाहेर पडायचे होते. कार्यालयात बसून इतरांच्या बातम्या नीट करण्याचे काम मिळाले होते, ते मला नको होते. पण कोणत्याही गाडीत वीस मिनिटांपलीकडे बसता येत नव्हते. सरळ पाठीच्या आसनात सगळे वजन स्क्रूंवर येते.

सावंगीत शिकणारा एक मुलगा गाव सोडून जात होता. त्याची दोन दारांची स्पोर्ट्स कार विकायला होती. त्या गाडीवर बातमी करता येईल म्हणून मी पाहायला गेलो आणि आत बसून पाहिले. आसन खोल होते, मागे रेललेले, दोन्ही बाजूंनी कमरेला धरणारे. मी त्यात पन्नास मिनिटे बसलो. मुलगा बाहेर उभा राहून कंटाळला. पुढच्या आठवड्यात गाडी माझ्या दारात होती.

बायकोने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मांगच्या सीटवर कोन बसन?" तिने विचारले.

"कोणी नाही."

"मंग मी कुठं बसू?"

"पुढे, माझ्या बाजूला."

"आन भाजी?"

मी डिकी उघडून दाखवली.

गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसत होती. पहिल्याच दिवशी त्याचा अर्थ कळला. घरापासून सेवाग्रामला व्यायामोपचारासाठी जातो त्या रस्त्यावर चौदा गतिरोधक आहेत. पहिल्यावर चाक चढले आणि खालून कमरेवर फटका बसला. तो हादरा नव्हता, फटकाच होता, कारण त्याला मधली पायरी नव्हती. आधी काही नाही, मग सगळे एकदम. मी ताशी दहाच्या वेगाने उरलेले तेरा ओलांडले आणि सेवाग्रामला पोचेपर्यंत शर्ट घामाने भिजला होता. दीड महिना मी तसाच गेलो. प्रत्येक गतिरोधकाआधी हात स्टिअरिंगवर ताठ करायचे, श्वास धरायचा आणि मार खायचा.

मग डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. सगळ्यात खालच्या डाव्या स्क्रूभोवती काळी कड दिसत होती.

"हा ढिला होतो आहे," ते म्हणाले. "हादरे बंद करा. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. आणखी हलला असेल तर पुन्हा उघडावे लागेल. दुसऱ्यांदा उघडल्यावर पायाची हमी मी देत नाही."

म्हणजे तीन महिन्यांत ही गाडी मऊ करायची, किंवा घरी बसायचे.

नागपूरला गाड्यांचे सुटे सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने खाली वाकून गाडी पाहिली आणि खूश झाला.

"सर, चाळीसवाली स्प्रिंग टाका. चाळीस मिलिमीटर खाली. एकदम रोडला चिपकून चालते. लुकच वेगळा."

"माझ्या कमरेत स्क्रू आहेत."

"मग तीसवाली घ्या."

मी मूळ उंचीची, मऊ स्प्रिंग मागितली. ती मागवावी लागेल, वेळ लागेल, असे तो म्हणाला. मग त्याने खालच्या आवाजात सांगितले, "खरं सांगू का सर, स्प्रिंग समजणारा माणूस आमच्याकडे नाही. आम्ही फक्त बसवतो. तुमच्याच वर्ध्याला एक जण आहे, आंजी रोडला, टिनाच्या शेडमध्ये. आमचेही अडले की त्याच्याकडेच पाठवतो."

त्याने नंबर लिहून दिला. मला त्याची गरज नव्हती. तो नंबर खटल्याच्या कागदांत माझ्याकडे होता.

मी आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो.

शेडबाहेर तुटलेल्या पाट्यांचा ढीग होता, गंजलेल्या बरगड्यांसारखा. मागे एक म्हैस बांधलेली होती. कारागीर घणाने पाटा ठोकत होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, मान जाड, उजव्या हाताची शेवटची दोन बोटे नव्हती. त्याने मला ओळखले. घण खाली ठेवला नाही.

"या पत्रकारसाहेब," तो म्हणाला. "आज कायचा फोटो काढाचा हाय?"

"फोटो नाही. गाडी दाखवायची आहे."

"दुसरा कोनी नाई भेटला?"

"भेटला असता तर आलो नसतो."

त्याने घण ठेवला. गाडीखाली गोधडी टाकून तो पाठीवर सरकला. थोड्या वेळाने खालून आवाज आला.

"हे कोनं कापलं?"

"आधीच्या मालकानं."

"मशीननं दीड वेढा उडवला. पोट्टे करते असं, गाडी खाली दिसाव म्हनून." तो बाहेर आला, कपाळावर चिखल. "वेढा कापला का स्प्रिंग लहान होते, आन कडकबी होते. मंग शॉकअपच्या दांडीवर जो रबरी गुटका असते ना, गाडी डायरेक्ट त्याच्यावर येऊन बसते. तुमी स्प्रिंगवर नाई चालून राह्यले. गुटक्यावर चालून राह्यले."

कोपऱ्यात चुलीसाठी पऱ्हाटीचा भारा होता, कपाशीची वाळलेली झाडे. त्यातली बोटभर काडी त्याने मोडून माझ्या हातात दिली.

"दातात धरा. अल्लग. चावाची नाई. जीभ मांगं घ्या. त्या ब्रेकरवरून एक चक्कर मारून या."

"कशासाठी?"

"एका ड्रायव्हरची जीभ तुटलती गड्ड्यात. पाटा मीच कडक भरलता. तवापासून मी काडी देतो. काडी तुटली तं स्प्रिंग नापास. मानूस खोटं बोलते का दुखलं नाई म्हनून. जबडा नाई बोलत."

रस्त्यावर दोन गतिरोधक होते. दुसऱ्यावर काडीचे तीन तुकडे झाले आणि एक हिरडीत घुसला. मी परत येऊन रक्त थुंकले. त्याने तुकडे तळहातावर घेऊन पाहिले, जसा माझा संपादक शब्द मोजतो.

"नापास," तो म्हणाला.

नागपूरच्या भंगारात त्याच जातीची अपघातात चेपलेली गाडी त्याने शोधली. तिच्या न कापलेल्या स्प्रिंगा काढून आणल्या आणि माझ्या गाडीत घातल्या. गाडी चार बोटे वर आली. गतिरोधकांवर काडी टिकली. मला वाटले प्रश्न सुटला. पुढे पुलाजवळच्या वळणावर समोरून बस आली, मी स्टिअरिंग ओढले आणि गाडी एका बाजूला कलंडली. चाके वळली, धड वळले नाही. ते उशिरा आले आणि जोरात आले. आसनाने मला धरून ठेवले होते, त्यामुळे पीळ कमरेतच पडला. मी कडेला थांबलो, दार उघडले आणि उलटी केली. डावा पाय अर्धा तास उचलता आला नाही.

कारागीर मोटरसायकलवर मागून आला. त्याने मला बाजूला बसवून गाडी परत आणली.

"वर ठेवली तं झुलते," तो म्हणाला. "कापली तं मारते. मधलं पाह्यजे. पन मधलं म्हंजे किती, हे अंदाजानं नाई करत मी."

त्याने शॉकअपच्या चकचकीत दांडीवर ग्रीसचा थर लावला आणि सेवाग्रामच्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच गतिरोधक स्वतः ओलांडला, मी चालवतो त्या वेगाने. परत येऊन चाक काढले. दांडी आत गेली तिथवरचे ग्रीस पुसले गेले होते. त्याने टेप लावली.

"अडतीस मिलिमीटर दबली," तो म्हणाला. "आता ह्या मूळच्या स्प्रिंगवर गाडी उभी असतानी गुटक्यापर्यंत जागा हाय बासष्ट. चाळीस खाली घेतली तं राह्यते बावीस. पाह्यजेत अडतीस. म्हंजे रोज मार."

"आणि तीस?"

"बत्तीस राह्यते. सहा कमी. तोबी मारच, जरासा हळू."

"वीस?"

"बेचाळीस राह्यते. चार शिल्लक." त्याने टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. "त्या चार मिलिमीटरवर तुमची कंबर हाय."

बातमीदारीच्या इतक्या वर्षांत कोणत्याही अधिकाऱ्याने मला इतके स्वच्छ उत्तर दिलेले नाही.

वीस खाली नेणाऱ्या दोन प्रकारच्या स्प्रिंगा मिळत होत्या. एकीचे सगळे वेढे सारख्या अंतरावर होते. दुसरीचे वरचे वेढे जवळजवळ आणि खालचे लांब. छायाचित्र पाहून त्याने दुसरीवर बोट ठेवले. बारीक खडबड वरचे वेढे मऊपणे घेतात. वजन जोरात आले की ते एकमेकांना टेकतात आणि खालचे कडक वेढे कामाला लागतात, म्हणून वळणावर गाडी कमी झुकते. ट्रकच्या कमानीतही असेच असते, तो म्हणाला. रिकाम्या गाडीला वरचे पाटे, भरल्यावर खालचे. शॉकअपही नवे हवेत, असे त्याने ठामपणे सांगितले. "स्प्रिंग मारते, शॉकअप आवरते. जुन्यानं ही आवरनार नाई. एका ब्रेकरवर तीनदा उसळन."

सामान यायला तीन आठवडे लागले.

बसवण्याच्या दिवशी मी शेडमध्ये त्याच्या बाजूला उभा होतो. जुन्या स्प्रिंगा काढण्यासाठी त्याने दोन बाजूंना हुकांचे लांब बोल्ट लावले आणि ते आवळत स्प्रिंग दाबत नेली. वेढे एकमेकांच्या जवळ आले. त्याने मान वर केली.

"तिथं नोका उभे राहू. बाकड्यावर बसा."

"इथून दिसते आहे."

"म्हनूनच म्हनतो. एकदा तुटले हा तुमी. जा."

मी बाकड्यावर जाऊन बसलो. बसून मिनिटही झाले नव्हते, तोच हूक सटकला. आवाज बंदुकीसारखा झाला. स्प्रिंग वर गेली, शेडचा पत्रा फाडला, आडव्या लोखंडावर आपटून खाली आली आणि म्हशीच्या पाण्याच्या टाक्यात पडली. म्हशीने दावे तोडले. सुटलेल्या हुकाने कारागिराची कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी उघडली होती. आत पांढरे दिसले, मग ते लाल झाले. मी उभा होतो त्या जागेवर, छातीच्या उंचीला, लाकडी खांबात हुकाची खाच होती. अंगठ्याएवढी खोल.

त्याने गमछा हाताला गुंडाळला आणि दातांनी गाठ मारली. आधी म्हैस धरून आणली. मग टाक्यातून स्प्रिंग काढली, वेढ्यांवर तडा गेला का ते पाहिले.

"दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"आधी काम. सुजल्यावर बोल्ट नाई आवळता येत."

"ती दोन बोटं अशीच गेली का? स्प्रिंगनं?"

"नाई. हे फाळक्यात गेले. टिप्परच्या मांगच्या फाळक्यात, रेती सोडाचा दरवाजा. हात ठिवाले लावला आन फाळका सोडला."

"कोणी?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी दुसरा प्रश्न विचारला.

"कधी?"

"पेशीच्या आदल्या दिवशी."

न्यायालयातले बँडेज मी पाहिले होते. माझ्या वहीत त्या दिवशीच्या नोंदी आहेत: साक्षीदाराने डाव्या हाताने शपथ घेतली, न्यायाधीशांनी आक्षेप घेतला नाही. त्याचा हात का बांधला आहे, हे मी विचारले नव्हते. तीस वर्षे लोकांना प्रश्न विचारून पगार घेतला, तो एक राहिला.

"पोलिसांना काऊन नाही सांगितलं?"

"दोन गेलते," तो म्हणाला. "आठ राह्यलते."

नव्या स्प्रिंगा दुपारपर्यंत बसल्या. मग त्याने गाडी जॅकवरून खाली घेतली. चाकांना जोडणाऱ्या खालच्या दांड्यांचे मुख्य बोल्ट अजून ढिले होते. ते गाडी लटकत असताना आवळायचे नसतात, त्याने समजावले. नाहीतर दांड्यांमधले रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि नवी स्प्रिंगही कडक लागते. गाडी चारही चाकांवर उभी हवी आणि आत चालवणाऱ्याचे वजन हवे. मी आत बसून वर-खाली होऊ नये म्हणून तो वजन म्हणून ढेपेचे पोते ठेवणार होता. सरकीची ढेप, म्हशीच्या खाण्याची.

त्याने पोते काट्यावर ठेवले, थोडी ढेप काढली, पुन्हा काटा पाहिला.

"सहासष्ट," तो म्हणाला. "बरोबर ना? तवा अठ्ठ्याहत्तर असान तुमी. बारा किलो उतरले."

माझे आताचे वजन बरोबर होते. आधीचेही.

"तेव्हाचं कोणी सांगितलं?"

"खांद्यानं."

त्याने वाकून पोते जखमी हाताने धरले, झटक्यात उजव्या खांद्यावर टाकले, आणि चालत गाडीकडे गेला. पोते मधोमध दुमडले होते. अर्धे त्याच्या छातीवर, अर्धे पाठीवर लोंबत होते. प्रत्येक पावलागणिक ते मधल्या घडीवर हिंदकळत होते.

पोते आसनात बसवत तो सांगत होता. माझ्याकडे त्याची पाठ होती. "पाटा मीच देल्ला त्यायले. जॅकखाली टेकन पाह्यजे म्हने. मंग दुकानावर एक जन सांगून गेला, घाटावर पत्रकाराले ठोकून राह्यले. मी गेलतो तवा ते निंघाले होते. तुमी रेतीत पडून, तोंडात रेती. घाटाचा चढ, गाडी खाली येत नाई. टाकलं खांद्यावर, असंच, आन पयत सुटलो. वर दुधाचा ऑटो भेटला."

"दवाखान्यात नाव काऊन नाही दिलं?"

"नाव देल्लं असतं तं पाटा कोनाचा हेबी सांगा लागलं असतं." त्याने पोत्यावरून सीटबेल्ट लावला. "वाचले ना तुमी."

डॉक्टरांचे वाक्य मला तोंडपाठ होते. हाड मारानेच मोडले होते, पण मणका सरकला तो उचलताना. मी ते त्याला सांगितले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तो आला नसता तर मी रेतीत राहिलो असतो, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच बातमीत येतात आणि एक दुसरीला खोडत नाही. त्याने माफी मागितली नाही. मी दिली नाही.

तो गाडीखाली सरकला आणि बोल्ट आवळू लागला. गमछ्यातून रक्त गोधडीवर गळत होते.

बातमीत निकाल आधी द्यायचा असतो, तो इथेच देतो. तीन महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये स्क्रूभोवतीची काळी कड तेवढीच होती, वाढली नव्हती. पुन्हा उघडावे लागले नाही. आता मी तासभर गाडी चालवतो, मध्ये थांबतो, पुन्हा तासभर. तालुक्याच्या गावांना जाऊन परत येतो. घाटांवरही जातो.

पण त्या संध्याकाळी हे कोणाला माहीत नव्हते. त्याने पोते काढले, पऱ्हाटीची काडी मोडून दिली आणि म्हणाला, "सेवाग्रामपर्यंत जा. चौदाही घ्या. तुटली तं कुठं तुटली ते ध्यानात ठेवजा."

मी काडी दातात अलगद धरली, जीभ मागे घेतली. पहिल्या गतिरोधकाला हात ताठ केले, श्वास धरला. चाक चढले. खालून काहीतरी वर आले, वाटेत मंद झाले आणि कमरेपाशी पोचेपर्यंत संपले. गाडी एकदा खाली बसली, एकदा वर आली, थांबली. मी पुढचे दोन घेतले. चौथ्यापासून श्वास धरणे सोडले. वळणावर बस नव्हती, म्हणून मी मुद्दाम वेगात वळलो. गाडी किंचित झुकली आणि माझ्यासकट वळली. सगळ्यात उंच गतिरोधकावर गुटका लागेल म्हणून मी वाट पाहिली. लागला नाही. चार मिलिमीटर शिल्लक होते.

चौदाही झाले तेव्हा काडी शाबूत होती. ती दातातच ठेवून मी सेवाग्रामहून वळलो.

परतीच्या वाटेवर नवा, सरळ डांबरी पट्टा आहे. मागून टिप्पर आला. रिकामा होता, मागचा फाळका दणादण आपटत होता. हॉर्न दाबून धरून त्याने मला ओलांडले. गाडी खाली असल्यामुळे त्याची मागची चाके माझ्या खिडकीच्या उंचीवर आली आणि कमान डोळ्यांसमोरून गेली, एकावर एक पाटे. मी मोजले, नऊ होते. तो पुढे निघून गेला.

शेडपाशी पोचलो तेव्हा तो दारात उभा होता. हाताला अजून गमछाच होता. मी तोंडातून काडी काढून दिली. दोन तुकडे होते, कडा चावून चपट्या झालेल्या.

त्याचा चेहरा उतरला. "कितव्या ब्रेकरवर?"

"ब्रेकरवर नाही. येताना, नव्या डांबरावर."

"तिथं तं रोड सपाट हाय."

"हो."

"गड्डा?"

"नाही."

त्याने तुकडे उजेडात धरले. दातांचे ठसे पाहिले. मग रस्त्याकडे पाहिले. टिप्पर त्याच्याही दारावरून गेला असणार, धूळ अजून खाली बसत होती.

"मंग स्प्रिंग पास हाय," तो म्हणाला आणि तुकडे चुलीत टाकले.